ताटाआधीची टिप

“मग किती ठेवावी, बुवा? शंभराला दहा? का पाचच पुरे?”

“कशाची?”

“टिप हो. हॉटेलातल्या वेटरला.”

रेवणबुवांनी आपल्या कमंडलूतून पाण्याचा घोट घेतला.

विचारणारे होते आमचे माणिकशेठ. तीन जिनिंग मिलचे मालक. अकरा वर्षं बुवांच्या मठात येत होते आणि अकरा वर्षं एकच मागत होते, अनुग्रह. बुवांनी कानात गुरुमंत्र सांगावा आणि रीतसर शिष्य करून घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा. बुवा आज कबूल झाले होते. उद्या ते गिरनारला निघणार होते. वय ऐंशीच्या पुढचं, परत येण्याची खात्री त्यांची त्यांनाही नव्हती. आज झालं तर झालं, नाहीतर शेठचा जन्म कोरडाच जायचा.

मी शेठचा ड्रायव्हर. डिकीत शाल, नारळ आणि पाच किलो पेढे होते. मुहूर्त तीनचा होता. पण शेठच्या घरी जाताना वाटेत बुवा म्हणाले, भूक लागली, आणि आम्ही बार्शी रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या हॉटेलात शिरलो. मी नेहमीसारखा दुसऱ्या टेबलाकडे वळलो, तर बुवांनी सदऱ्याला धरून मला शेजारी बसवलं. शेठना ते रुचलं नाही. मला रुचलं.

“तू किती ठेवतोस?” बुवांनी विचारलं.

शेठ खुलले. त्यांना हेच हवं होतं.

“माझी पद्धत वेगळी आहे, बुवा. मी जेवणाआधी ठेवतो.”

त्यांनी खिशातून शंभराच्या पाच कोऱ्या नोटा काढल्या, पत्त्यांसारख्या पसरल्या आणि त्यांच्यावर स्टीलचा रिकामा ग्लास ठेवला.

“या सगळ्या वाढणाऱ्याच्या. एक चूक झाली की एक नोट परत खिशात. चार तालुक्यांतल्या हॉटेलांना मी असं वळण लावलंय.”

“बरं.”

“माणूस सुधारतो, बुवा.”

“कोण?”

शेठ हसले. बुवा हसले नाहीत.

वाढायला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, काष्टा घातलेल्या. मालक त्यांना शेवंताबाई म्हणत होता. शेठनी त्यांना नोटा दाखवल्या, नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.

“पाच चुका केल्या तर?” त्यांनी विचारलं.

“तर काहीच नाही.”

“आन एकबी न्हाई केली तर पाच?”

“पाच.”

“ठरलं,” त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

पाणी आलं. ग्लास ठेवताना त्यांचा अंगठा पाण्याला लागला. शेठनी एक नोट ओढली आणि घडी घालून खिशात टाकली.

“ही कशाची?” बुवांनी विचारलं.

“अंगठ्याची.”

भाकरी यायला वेळ लागला. शेठनी घड्याळ पाहिलं, दुसरी नोट गेली.

मग शेठ बुवांना वैराग्यावर काहीतरी सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी हात वर केला. शेवंताबाई लगबगीनं आल्या. “काय आणू, शेठ?”

“मी बोलतोय ना?”

तिसरी नोट गेली. वैराग्य पुढे चालू झालं.

मी हातातली भाकरी खाली ठेवली. पण माझा पगार शेठ देतात. मी ताटात बघत राहिलो.

तेवढ्यात बुवांचं कोपर लागलं आणि ताकाचा ग्लास आडवा झाला. ताक टेबलभर पसरलं आणि शेठच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर उतरलं.

शेठचा हात आपसूक चौथ्या नोटेकडे गेला.

“सांडलं मी,” बुवा म्हणाले.

“छे, छे. ग्लास कडेला कुणी ठेवला होता? तिनंच.”

“मध्ये होता. माझं कोपर लागलं.”

“बुवा, तुमच्या हातून चूक होतच नसते,” शेठ भक्तिभावानं म्हणाले आणि नोट खिशात घातली.

...

बुवांनी आडवा पडलेला ग्लास उभा केला.

“माणिका, माझ्यापुढं तू किती ठेवलंयस?”

“तुमच्यापुढं? मी पामर काय ठेवणार, बुवा?”

“सभामंडप.”

शेठ रुमालानं लेंगा पुसू लागले.

“अनुग्रह झाला की मठाला सभामंडप बांधीन, असं म्हणाला होतास. पहिल्या वर्षी सोळा खांबांचा होता.”

“बुवा, ते...”

“मग बारा खांबांचा झाला. औंदा आठाचा आहे. माझ्या आठ चुका कुठल्या, तेवढं सांग.”

“सिमेंट महागलं, बुवा,” शेठ म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

बुवांनी मान डोलावली आणि उरलेली भाकरी मोडली. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शेवंताबाई बशीत बडीशेप आणि बिल घेऊन आल्या. शेठनी बिल भागवलं. ग्लासाखाली एक नोट उरली होती. गुरू समोर बसलेले, त्यामुळे शेठनी ती मोठ्या मनानं पुढे सरकवली.

“घे. पुढच्या खेपेला पाच घेशील.”

शेवंताबाईंनी नोट उचलली नाही.

“शेठ, चार द्या.”

“काय?”

“अंगठा बुडला, ते खरं हाय. ती गेली, बराबर. बाकीच्या चार माझ्या.”

“भाकरीला उशीर केलास तू.”

“दुरडीतली आणली असती तर तवाच आणली असती. तुमी थंड म्हणून नोट काढली असती. तव्यावरची आणली. तव्याला घाई कशी करू?”

“मधे बोललीस.”

“तुमी हात वर केला. तो मला बोलवायला का गोष्ट सांगायला, म्या कसं वळखावं?”

“आणि ताक?”

शेवंताबाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवा बडीशेप चावत होते.

“ताक महाराजांनी सांडलं,” त्या म्हणाल्या. “आमच्यात म्हातारी माणसं सांडतात. आमी पुसतो. कुणाचं काय कापत न्हाई.”

शेठचे कान तापले. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली होती.

“अगं, टिप आहे ही! माझ्या मर्जीची गोष्ट आहे. दिली तर दिली.”

“मर्जीची असती तर जेवण झाल्यावर ठिवली असती,” शेवंताबाई म्हणाल्या. “आजवर लोकांनी धा ठिवले, पाच ठिवले, काय ठिवलं न्हाई. म्या कवा कुणाला इचारलं न्हाई. तुमी ताटाच्या आधी बोली केली. म्या ठरलं म्हणलं. मग ती मजुरी झाली. मजुरी द्या.”

मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बसून राहिलो. माझी तेवढीच हिंमत.

“मालक कुठंय?” शेठ ओरडले.

मालक गल्ल्यावरून धावत आला. शेठच्या जिनिंगवर रोज साठ डबे याच हॉटेलातून जातात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. शेठनी तरी सांगितलं.

“उद्यापासून डबे बंद. नाहीतर हिला काढा. आत्ता.”

मालकानं हात जोडले. मग शेवंताबाईंकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, कशाला वाढवता? माझं चुकलं म्हणा आन विषय संपवा. दोन शब्दांचं तर काम हाय.”

“म्हणते की.”

त्या शेठच्या समोर उभ्या राहिल्या. ताठ.

“शेठ, पाण्यात अंगठा बुडला. माझं चुकलं.”

“आणि बाकीचं?” शेठ म्हणाले.

“बाकीचं चुकलं न्हाई.”

“बाई...” मालक काकुळतीला आला.

“खोटं कसं म्हणू, अण्णा? सात वरसं हितं वाढतीया. शिळं कवा वाढलं न्हाई, आता शिळं बोलू?”

...

“मग उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाला. म्हणताना त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

शेवंताबाईंनी आमची तिन्ही ताटं एकावर एक रचली. ताक पुसलं. शेठच्या पुढ्यातलं टेबलसुद्धा कोरडं केलं. नोट होती तिथंच राहिली.

“आजचा दिवस भरून जाते,” त्या म्हणाल्या आणि ताटं घेऊन आत भटारखान्यात गेल्या.

शेठनी शेवटची नोट उचलून खिशात घातली. पाचही परत आल्या होत्या.

“बघितलंत, बुवा? चांगलं करायला जावं तर लोक डोक्यावर बसतात. चला. पावणेतीन झाले. मुहूर्त टळेल.”

बुवा उठले नाहीत.

“माणिका, कान इकडं कर.”

“इथं?” शेठ गडबडले. “बुवा, शाल गाडीत आहे. नारळ... अंघोळसुद्धा... आणि लेंग्यावर ताक...”

“अकरा वर्षं थांबलास. आता नारळासाठी थांबतोस?”

शेठनी झटकन चपला काढल्या. खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसले. हात जोडले, डोळे मिटले आणि उजवा कान बुवांच्या तोंडाशी नेला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला शेठची दया आली. त्या माणसानं अकरा वर्षं या एका क्षणाची वाट पाहिली होती.

बुवा वाकले.

आता बुवांना ऐकू कमी येतं. आणि ज्याला ऐकू कमी येतं त्याची कुजबुजसुद्धा चार माणसांना ऐकू जाते. मलाही गेली.

दोनच शब्द होते.

“माझं चुकलं.”

...

शेठनी डोळे उघडले.

“बुवा?”

“हं.”

“हा... हा मंत्र?”

“हाच.”

“थट्टा करताय.”

“निघायच्या आदल्या दिवशी?”

शेठ फरशीवरच बसून राहिले. गल्ल्यावर मालक पैसे उलटसुलट करत होता. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“जप किती करायचा?” शेठनी शेवटी विचारलं. आवाज चिरकला होता. “सव्वा लाख करीन. घरी जाऊन आजच बसतो. दार लावून बसतो.”

“एकदा.”

“एकदाच?”

“एकदाच.”

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. माणसं बघत होती. त्यांनी ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. शेजारी बसलेल्या मलाही नाही.

“झालं, बुवा.”

“न्हाई झालं.”

“म्हटला की मी. मनात म्हटला.” शेठ जवळ सरकले, अगदी गयावया करत. “गुरुमंत्र दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचा नसतो, बुवा. तुम्हीच सांगता ना मठात?”

बुवांनी बशीतली उरलेली बडीशेप तोंडात टाकली.

“हा भटारखान्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे.”