खांबाचा कोळसा आणि लेकराचं हाड

एका नदीच्या अलीकडे बेलखेडी नावाचं गाव होतं आणि पलीकडे नागझरी. दोन्ही गावांची देवी एकच. चैत्रातल्या जत्रेत देवीपुढचा पहिला नारळ थोरल्या, म्हणजे आधी वसलेल्या, गावानं फोडायचा, अशी रीत होती. तो मान पिढ्यान्‌पिढ्या नागझरीकडे होता, आणि बेलखेडीला ते पिढ्यान्‌पिढ्या सलत होतं.

दोन्ही गावांच्या शिवारात पांढर होती, म्हणजे फार जुन्या वस्तीचं टेकाड. नागझरीच्या पांढरीचं वय पूर्वीच निघालं होतं. बेलखेडीची पांढर मात्र कुणी उकरली नव्हती. भार्गवराव देवस्थळी नावाचे एक विद्वान बरीच वर्षं व्याख्यानांतून सांगत असत, की या खोऱ्यातली पहिली वस्ती बेलखेडीचीच असणार. एका हिवाळ्यात ते खोदायला आले.

टेकाड गोजराबाईंच्या शेतात होतं. खाली एक जळालेलं घर सापडलं. त्याच्या मधल्या जाड खांबाचा कोळसा झाला होता. घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. त्यांत तान्ह्या मुलाची हाडं होती.

गोजराबाई खड्ड्याच्या काठावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "घरातच ठेवलं होय आईनं! बरं केलं बाई."

त्यांचं पहिलं मूल असंच तान्हेपणी गेलं होतं. ते कुठं पुरलं, हे सासरच्या पुरुषांनी त्यांना कधी दाखवलं नव्हतं.

भार्गवरावांनी त्यांना समजावून सांगितलं. "झाड काय, माणूस काय, जिवंत असेपर्यंत एक प्रकारचा कार्बन अंगात घेत राहतो. जीव गेला की घेणं थांबतं. मग आतला तो कार्बन ठरलेल्या गतीनं विरत जातो. किती उरला ते मोजलं, की जीव केव्हा गेला ते कळतं. त्यासाठी कोळसा नेणार आहे. या हाडाचाही एक तुकडा न्यायचा आहे."

"मोजून झालं की परत आणाल?"

"नाही. मोजायचं तर तो तुकडा विरघळवावा लागतो, जाळावा लागतो. तो परत मिळत नाही."

गोजराबाईंनी मडक्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न्या. पण उगाच नेऊ नका. ते काय बोलंल ते मला येऊन सांगायचं."

"शब्द देतो," भार्गवराव म्हणाले. त्या वेळी त्यांनी तो मनापासून दिला होता.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेची उत्तरं आली. कोळसा म्हणत होता, बेलखेडी नागझरीपेक्षा दोनशे वर्षांनी थोरली. हाड म्हणत होतं, शंभर वर्षांनी धाकटी.

यातलं कोणतं उत्तर धरायचं, हे भार्गवरावांना कुणी शिकवायला नको होतं. तेच दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत, "कोळसा हाती आला की आधी विचारा, काटकीचा की खांबाचा?" काटकी साधारण जळली त्या वर्षीचीच असते. जाड खांबाचा गाभा मात्र झाड तुटण्याच्या कितीतरी आधीच मेलेला असतो, आणि तो खांब आधी दुसऱ्याच घरात उभा राहिलेलाही असू शकतो. म्हणून खांबाचा कोळसा झाडाचं वय सांगतो, घराचं नाही. ते तान्हं लेकरू मात्र त्याच घरात होतं आणि त्याच घरात गेलं होतं. खरं उत्तर त्याचं होतं.

पण ते उत्तर धरलं तर इतक्या वर्षांची व्याख्यानं खाली पडत होती. भार्गवरावांनी कोळशाचं उत्तर खिशात घातलं. हाडाचं उत्तर टेबलाच्या खणात राहिलं.

बेलखेडीत सभा भरली. हलगी वाजली, जिलेबी वाटली गेली. भार्गवरावांनी कोळशाचं उत्तर वाचून दाखवलं. सरपंच हणमंतरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, कोळसा खोटं तर बोलत नसंल?"

"कोळसा खोटं बोलत नाही," भार्गवराव म्हणाले.

"माणसं हायेत की त्यासाठी!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी सभा हसली. भार्गवरावही हसले.

गर्दी पांगल्यावर गोजराबाई पुढे आल्या. त्यांनी जिलेबी घेतली नव्हती.

"सर, कोळशाचं कळलं. लेकराचं काय झालं?"

भार्गवरावांच्या तोंडून निघून गेलं, "ते हाड खराब निघालं, गोजराबाई. उत्तर आलंच नाही."

"कायच बोललं न्हाई?"

"नाही."

"मग उगाचच गेलं म्हणायचं," गोजराबाई हळूच म्हणाल्या. पदर सारखा करून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवराव टेकाडावर गेले. मडकी पुन्हा तिथंच ठेवून खड्डा आता बुजवला होता. त्याच जागी गोजराबाई बसल्या होत्या. मातीवर पाणी शिंपडून त्यांनी हळद वाहिली होती आणि त्या पुटपुटत होत्या, "चुकलं रे बाळा माझं. त्यांनी मागितलं, मी देऊन बसले. मुळात थोडकं उरलं हुतंस, त्यातलंबी मी घालवलं."

भार्गवराव मागं वळले, पण चप्पल वाजली. गोजराबाई दचकून उठल्या. चोरी करताना सापडल्यासारख्या त्या ओशाळल्या.

"हसू नका सर," त्या म्हणाल्या. "अडाण्याचा खुळेपणा हाय हा."

भार्गवरावांना मान वर करता येईना. त्यांची लाज ती बाई वाहत होती, आणि वर त्यांचीच माफी मागत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण "नाही, नाही, हसतो कशाला," एवढंच म्हणून ते टेकाड उतरले.

चैत्र आला. जत्रेला भार्गवरावांना मानाचं बोलावणं होतं. नदीकाठच्या देवळापुढे दोन्ही गावं उभी राहिली. नागझरीचे म्हातारे तात्या भोईटे पहिला नारळ घेऊन पुढे आले. आयुष्यभर तो त्यांनीच फोडला होता. आज त्यांनी तो हणमंतरावांपुढे धरला.

"घ्या, थोरले. शास्त्रापुढं आमचं काय चालतंय? आता आम्ही धाकटे. धाकट्याचं एक बरं असतं बघा, काय बिघडलं की थोरल्याकडं बोट दावायचं."

लोक हसले. तात्यांनी नारळ मात्र जरा उशिरानंच सोडला.

भार्गवरावांनी नजर वळवली. ती जाऊन पडली बायकांच्या रांगेवर. बायका देवीची ओटी भरायला उभ्या होत्या. गोजराबाई रांगेत नव्हत्या. त्या रांगेबाहेर, भार्गवरावांपासून थोड्याच अंतरावर, पायरीच्या खाली रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

शेजारची एक बाई त्यांना ओढत होती, "चल की गं. दरसाल भरतीस."

"नगं बाई. यंदा माझा हात धजत न्हाई."

भार्गवरावांनी ते ऐकलं. हणमंतरावांनी नारळ फोडायला उचलला होता. भार्गवराव पुढे झाले आणि म्हणाले, "थांबा. तो नारळ फोडू नका."

हलगी थांबली.

"मी दोन उत्तरं आणली होती. तुम्हाला एकच सांगितलं. कोळसा जुन्या खांबाचा होता. तो झाडाबद्दल बोलत होता, गावाबद्दल नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या लेकराचं हाड खराब नव्हतं. त्यानं स्वच्छ उत्तर दिलं होतं. बेलखेडी धाकटी आहे. माझं म्हणणं खोटं पडू नये म्हणून मी ते दडवलं."

हणमंतराव जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सर, ऊन लागलंय तुम्हाला. पाणी प्या नि बसा."

"ऊन लागलं नाही, हणमंतराव."

"आमच्या गावचं मीठ खाल्लंत की हो तुम्ही!"

हणमंतरावांनी नारळ तात्यांच्या हातात जवळजवळ आदळला. तात्यांनी तो घेतला, पण त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही. ज्या माणसाच्या शब्दावर आपण मान सोडला होता, त्याच्याकडे ते नुसते बघत राहिले. ती नजर भार्गवरावांना सोसवेना. त्यांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

गर्दीतून वाट काढत गोजराबाई पुढे आल्या.

"म्हणजे बोललं हुतं ते?"

"हो."

"आन मला न्हाई म्हणून सांगितलंत."

"हो. माझं चुकलं, गोजराबाई."

"मला काय सांगताय?" गोजराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी उलटून बोलू शकते. ज्याला बोलताच येत न्हाई, त्याचं बोलणं दाबलंत तुम्ही. त्याला सांगा जाऊन."

त्या टेकाडाच्या वाटेला लागल्या. भार्गवराव त्यांच्या मागून चालू लागले. दोन्ही गावं बघत होती.

टेकाडावर वाहिलेली हळद कधीच उडून गेली होती, पण गोजराबाईंना जागा ठाऊक होती. भार्गवराव तिथं खाली बसले. मातीशी काय बोलायचं, हे त्यांना सुचेना. आयुष्यभर त्यांनी मातीला नुसतं विचारलं होतं. तिला सांगायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी जमिनीवर हात ठेवला आणि हाडानं सांगितलेली वर्षं मोठ्यानं उच्चारली.

"तुझं खरं होतं," ते म्हणाले. "मी ते लपवलं."

मागं गोजराबाई उभ्या होत्या. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"ऐकलं असंल," एवढंच बोलून त्या वळल्या आणि भराभरा खाली उतरल्या. देवीची ओटी भरायची राहिली होती.

भार्गवराव तिथंच बसले होते. खालून नारळ फुटल्याचा आवाज आला. तो नागझरीचा होता.

तात्पर्य: सोयीचं खरं पुढं करून अडचणीचं खरं झाकलं, तर तेही खोटंच, आणि अशा खोट्याची लाज लपवणाऱ्याआधी निरपराध माणसाला वाहावी लागते.