अरिंजयाने मांडलेला विडा

एका राज्यात, जिथे शाल्मली नदी वाहते आणि जिथल्या राजाला कोणी कधी उभे राहिलेले पाहिले नाही, तिथे एक रीत होती. दसऱ्याच्या दरबारात राजा तबकात विडा मांडी. विड्यासोबत एक अवघड कामगिरी सांगे. जो वीर विडा उचलील त्याने ती कामगिरी पार पाडावी आणि परत आल्यावर त्याच्या पायात सोन्याचा तोडा चढावा. विडा मांडण्याचा अधिकार एकट्या राजाचा. उचलायला मात्र सगळे मोकळे. अशी ही जगाची सोय फार जुनी आहे.

तोड्यांचे सोने काळजंघ नावाच्या मांत्रिकाच्या खजिन्यातले, राजाच्या पणजोबांनी लुटून आणलेले. ते शापित होते. पहिल्या तोड्याने वीराची पावले सोन्याची होत, दुसऱ्याने गुडघ्यापर्यंत पाय. तिसरा तोडा चढला की अख्खा वीर सोन्याचा पुतळा होऊन राजवाड्याच्या चौकात उभा राही. लोक त्याला शाप म्हणत नसत, मान म्हणत. सणावारी पुतळ्यांना झेंडूचे हार पडत आणि आया आपल्या मुलांना कडेवर घेऊन दाखवीत, "बघ, असा हो."

त्या राज्यात अरिंजय नावाचा वीर होता. पहिल्या विड्याला त्याने सात फण्यांच्या सर्पाचा मणी आणला. दुसऱ्याला अग्निपक्ष्याचे पीस आणले. दोन्ही वेळा नगरात साखर वाटली. अरिंजयाला ती गोड लागली नाही. पाय गुडघ्यापर्यंत सोन्याचे झाले होते आणि चालताना दगडी जाते ओढल्यासारखे वाटे. तो दमला होता. झोपेने जाणारा तो थकवा नव्हता.

तिसऱ्या दसऱ्याला राजा प्रतापकेतू म्हणाला, "काळजंघाचा मुकुट हवा." दरबार अरिंजयाकडे पाहू लागला. इतके डोळे रोखलेले असताना हात मागे घेणे कोणाला जमते? त्याने विडा उचलला.

घरी आईने त्याला ओवाळले. तिचे डोळे भरून आले होते. "लेकरा, आता तुझाही पुतळा उभा राहील. मी रोज हार घालीन हो."

"आणि माझ्याशी बोलशील कशी, आई?"

आईने ओवाळणीचे तबक खाली ठेवले आणि म्हणाली, "सगळ्यांच्या आया बोलतातच की पुतळ्यांशी."

अरिंजय निघाला. माळरान लागले. तिथे उघड्यावर, चार खड्यांमध्ये एक म्हातारी टिटवी बसली होती. तिचा आवाज अशुभ म्हणून लोक तिला हाकलीत. अरिंजयाला हाकलण्याचेही त्राण नव्हते. तो तिच्याशेजारी बसला.

टिटवी म्हणाली, "वीरा, माझी जात पाय वर करून निजते. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आभाळ कोसळले तर पायांवर झेलता यावे म्हणून."

"आईने शिकवले, तिला तिच्या आईने. मी जन्मभर आभाळ तोलले. एका दुपारी फारच थकले आणि पाय खाली टेकले."

"मग?"

"मग काय? आभाळ आपले जागच्या जागी. मला मात्र रडू आले. इतकी वर्षे गेली ना!"

अरिंजय उठला, पाय ओढीत डोंगर चढला. गुहेच्या दाराशी काळजंघ उन्हात बसला होता. मुकुट शेजारी धुळीत पडला होता.

"घेऊन जा," काळजंघ म्हणाला. "मी कोणालाच अडवले नाही. फक्त एक विचारतो. तुला काय हवे?"

"महाराजांना मुकुट..." अरिंजयाने सुरुवात केली आणि तो थांबला. आपण असेच उत्तर दोनदा दिले आहे, सर्पालाही आणि अग्निपक्ष्यालाही, हे त्याला आठवले. तो खाली बसला. "मला ठाऊक नाही. मी फार दमलो आहे."

काळजंघ हसला. "आजवर जे आले ते सगळे राजाचेच हवे-नको सांगून गेले. आता ऐक. माझे सोने परक्याच्या हुकुमावर चालणाऱ्या पायांना धरते. जो स्वतःचा विडा स्वतः मांडील, उचलील आणि पार पाडील, त्याला ते धरू शकत नाही. एकाने जरी असे केले, तरी सगळे सोने माझ्या गुहेत परत येईल."

अरिंजयाला नदी आठवली. लहानपणी तो शाल्मलीत पोहायला शिकत होता. पैलतीर गाठायची त्याला भारी हौस. अर्ध्यापर्यंत जाऊ लागला आणि त्याच वर्षी त्याला तलवार शिकायला राजवाड्यात नेले. पैलतीर राहिला तो राहिलाच.

मुकुट तिथेच ठेवून तो परतला.

"मुकुट कुठे?" राजाने विचारले.

"आणला नाही, महाराज." अरिंजयाने तबकातले पान घेतले, त्याचा विडा केला आणि तबकात मांडला.

"विडा मांडण्याचा अधिकार आमचा आहे!"

"अधिकार आपला. पाय माझे आहेत."

"कामगिरी कोणती?"

"शाल्मली पोहून पैलतीराला जाणे."

दरबार खो खो हसला. प्रधान म्हणाला, "ती तर म्हशीही पार करतात!"

"करतात," अरिंजय म्हणाला आणि त्याने विडा उचलला.

सारे नगर नदीवर लोटले. राजाचे सिंहासन भोयांनी उचलून आणले. तेही त्याच सोन्याचे, आणि राजा त्याला कमरेपर्यंत जडलेला. लोक त्यालाच राजाचा रुबाब समजत आले होते.

आईने अरिंजयाचा हात धरला. "सोन्याचे पाय घेऊन पाण्यात जातोस? बुडशील रे! आणि यात मोठेपणा तो कसला?"

"मोठेपणा नाही, आई. हौस आहे."

तो पाण्यात शिरला. सोन्याने त्याला खाली खेचले. तळाला टेकायचा, उसळी घ्यायचा, एक श्वास ओढायचा, पुन्हा बुडायचा. मधोमध तो दिसेनासा झाला. हसणारे गप्प झाले. आई ओरडली, "परत ये!" आणि त्याच श्वासात, काय वाटले तिला कोण जाणे, "नाही, जा! जा, माझ्या राजा!"

पैलतीरावर टिटवी ओरडू लागली. त्या अशुभ आवाजाच्या रोखाने अरिंजय हात मारीत गेला. हाताला वाळू लागली. तो रांगत काठावर आला, आणि पायांवरचे सोने ओल्या मातीसारखे गळून वाहून गेले.

त्याच क्षणी राजाचे सिंहासन नाहीसे झाले आणि महाराज वाळूत आपटले. चौकातले वीर जिवंत झाले. आधी सगळ्यांनी पाणी मागितले. मग एकेकाने आपली आई कुठे म्हणून विचारले. काहींच्या आयांना जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. त्या दिवशी नगरात आनंदही झाला आणि रडूही फार आले.

संध्याकाळी नाव आईला पैलतीराला घेऊन गेली. तिने पाहिले, तिथे वाळू होती आणि कलिंगडाचे वेल होते. बाकी काही नव्हते. अरिंजय पाय पसरून बसला होता.

"एवढ्यासाठी?" आईने विचारले.

"एवढ्यासाठी."

आई त्याच्या पायाशी बसली. किती वर्षांनी ते पाय उबदार लागले. ती ते चेपीत राहिली.

इकडे राजा पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिला. पान हातात घेऊन त्याने पुष्कळ विचार केला. आपल्याला काय हवे, हे त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. शेवटी त्याने विडा केला आणि म्हणाला, "आज आम्ही निजणार." विडा तोंडात घालून तो तिथेच वाळूत आडवा झाला. आभाळ जागच्या जागी राहिले.

तेव्हापासून त्या राज्यात ज्याचा विडा त्याने मांडावा अशी रीत पडली. कहाणी पैलतीराला लागली. सांगणारा दमला आहे. ऐकणाऱ्यांनीही आता पाय खाली टेकावेत.