जाणारे उठतात

“मग आज पोरांना काय सांगू, ते तरी सांगा,” ग्लेब म्हणाला.

हे त्याने विचारलं आर्खिप बाबांना. ग्लेबला लहानपणी फुटबॉल शिकवला तो त्यांनीच.

ग्लेब काही साधा माणूस नव्हता. एके काळी सगळ्या रशियात त्याच्यासारखा गोल मारणारा नव्हता. पाय थकले, तसा तो आपल्या गावच्या क्लबचा संचालक झाला. आजचा सामना पोरं हरली तर क्लब खालच्या गटात जाणार होता.

“रोज सांगतोसच की,” बाबा म्हणाले. “रेषेवर उभा राहून ओरडतोस. पोरं चेंडू सोडून तुझ्याकडे बघतात.”

“मग कोणी सांगायचं? गोल मारण्यातलं माझ्याइतकं कळतं कोणाला?”

“कोणालाच नाही.”

ग्लेब खुलला. बाबा हसले नाहीत.

वेळ झाली. रशियात घरातून प्रवासाला निघताना एक रीत असते. जाणारे आणि मागे राहणारे, सगळे जरा वेळ गप्प बसतात. मग जाणारे उठतात. या क्लबात मैदानावर निघतानाही ती पाळायचे.

पोरं कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर बसली. ग्लेब बसला, बाबा बसले.

...

पोरं उठली. ग्लेबही उठला.

बाबांनी त्याचा हात धरला. “तू कुठे?”

“मैदानावर.”

“खेळायला?”

“... नाही.”

“मग बस. जाणारे उठतात.”

दार लागलं. बाहेर गर्दीचा आवाज चढायचा, पडायचा. चढला की ग्लेबचा उजवा पाय आपसूक हलायचा, झोपेत लेकराचा हलतो तसा.

“बाबा, जीव जाईल माझा.”

“बस.”

“नुसतं दार उघडतो.”

बाबांनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम छत हादरलं. अख्खं गाव ओरडत होतं. ही आरोळी आपल्या माणसांची, ग्लेबने ती बरोबर ओळखली. मागोमाग शेवटची लांब शिट्टी झाली, आणि पोरं गात गात दाराकडे येऊ लागली.

क्लब वाचला होता.

ग्लेब रडत होता आणि हसत होता. “मारला, बाबा. गोल मारला आपण.”

“कोणी मारला?”

“मला काय ठाऊक? मी तर इथे बसलेलो.”

बाबा उठले.

“मग हा गोल तुझा.”