शाल्मलीने खोदलेली वाट

एका राज्यात भूमिंजय नावाचा राजा न्यायाने राज्य करीत होता. त्याची एकुलती एक कन्या शाल्मली. रूपाने देखणी, तलवारीत तरबेज, पण जीभ मोठी तिखट. एके दिवशी दरबारात एक जादूगार आला. त्याची फाटकी कफनी पाहून शाल्मली म्हणाली, "भिकाऱ्यांची पंगत मागच्या दाराशी बसते."

जादूगाराने कमंडलूतले पाणी शिंपडले. सिंहासनावरचा राजा बसल्या जागी पाषाण झाला. "राजकन्ये, तुझ्या जिभेचे फळ तुझ्या बापाला," एवढे बोलून जादूगार अंतर्धान पावला.

शाल्मली वडिलांच्या दगडी पायांवर डोके ठेवून रडली. तेव्हा गवाक्षात एक तांबट पक्षी येऊन बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "काळ्या कड्याच्या माथ्यावर एक झरा आहे. त्याचे ओंजळभर पाणी राजाला उठवील. वाट मात्र तूच खोद. दिवसाला एक पायरी. अधिक नाही, उणी नाही."

पहिल्या दिवशी तिने उतावळेपणाने दहा पायऱ्या खोदल्या. सकाळी पाहते तो कडा जसाच्या तसा गुळगुळीत. तिने रागाने छिन्नी आपटली. मग वाकून उचलली. हजार दिवसांत हजार पायऱ्या झाल्या.

माथ्यावर गुहेच्या तोंडाशी एक म्हातारी यक्षिणी बसली होती. ती म्हणाली, "वर्षभर माझी सेवा कर. एक कडवट शब्द निघाला, की वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

यक्षिणी रोज खोड्या काढी. तिसऱ्या महिन्यात शाल्मलीने उलट उत्तर दिले. वर्ष पुन्हा सुरू झाले. मग अकराव्या महिन्यात जिभेचा तोल गेला आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून आले. त्या दिवशी ती पुष्कळ रडली, आणि दुसऱ्या सकाळी मुकाट्याने चूल पेटवली.

पुढच्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी यक्षिणी म्हणाली, "तुझा बाप मूर्ख होता." शाल्मलीच्या जिभेवर तिखट उत्तर आले. ते गिळून ती म्हणाली, "आजी, पेज निवते आहे. घ्या."

गुहा उघडली. झऱ्याभोवती शापित रत्नांच्या राशी होत्या. त्यांना हात लावणारे कित्येक राजपुत्र तिथेच दगड होऊन उभे होते. एक मुकुट बोलला, "मला मस्तकी धर. आजच राणी होशील."

"सिंहासनावर माझे वडील आहेत," शाल्मली म्हणाली आणि ओंजळ भरून बाहेर पडली. हजार पायऱ्या उतरली, थेंब सांडला नाही.

पाणी शिंपडताच राजाने डोळे उघडले.

"बाळ, किती काळ लोटला?"

"पाच वर्षे, महाराज. चूक माझी होती. घाई करून भागले नाही."

राजाने तिचे हात हाती घेतले. नखे तुटलेली, तळवे खडकासारखे टणक. त्याने ते हात भर दरबारात उंच धरले आणि म्हणाला, "माझ्या कुळात पराक्रमी पुष्कळ झाले. असे हात कुणाचेच नव्हते."

सारी सभा उठून उभी राहिली. त्या राज्यात मग पुन्हा न्याय नांदू लागला.