मेलेल्या इनामदाराकडची वसुली

रंभाजीराव इनामदारांनी कोंडाई पाथरवटणीची तीनशे रुपये मजुरी द्यावी, असा निकाल लागला. पण वसुलीला गेलेले तिन्ही शिपाई तापाने फणफणत परतले. गढीत इनामदार तिरडीवर पडले होते, डोळे सताड उघडे. ओठ न हलवता ते म्हणाले होते, "मी अमावास्येलाच मेलो. मेलेल्याकडून काय वसूल करणार?"

चौथा कोणी जायला धजेना. तेव्हा न्यायाधीशांनी स्मशानात सरणं रचणाऱ्या सगुणाबाईला नेमलं.

दिवेलागणीला ती आत गेली. खोलीत ओल्या राखेचा वास कोंदला होता. तिरडीवरून तोच खोल आवाज आला, "मी मेलोय, सगुणे."

सगुणाबाई उशाशी बसली आणि तिने हलक्या हाताने त्यांचे डोळे मिटले.

"ठाऊक आहे, सरकार. म्हणून तर मला पाठवलंय. सरण रचून झालंय, खांदेकरी दारात उभे आहेत."

चौघे आत आले. तिरडी जमिनीवरून उचलली गेली, तसे इनामदार ताडकन उठून बसले.

"थांबा. कोनाड्यात थैली आहे, ती घ्या."

सगुणाबाईने पैसे मोजून घेतले आणि कागद पुढे केला.

"आता जिवंत आहात असं लिहून द्या, सरकार. नाहीतर उद्या मला पुन्हा यावं लागेल."