शेळ्यांचे अंगरखे

जनावरंसुद्धा बाहेर जेवायला जायची, त्या काळातली गोष्ट. केसोजी अस्वलांनी जंगलात खानावळ काढली आणि वाढायला शेळ्या ठेवल्या. पण खीर खायला वाघोबाही येणार! वाढणारं कोण आणि जेवण कोण, हे त्यांना कळायला नको? म्हणून शेळ्यांच्या अंगरख्यांवर खानावळीचं नाव घालायचं ठरलं.

कावळा म्हणाला, "जांभळाच्या रसाचा ठसा मारून देतो. दिसायला साधा, पण कितीही धुवा, जाणार नाही."

सुगरण पक्षिणीनं मात्र हिरव्यागार गवताचं नाजूक भरतकाम पुढे केलं. केसोजी पाघळलेच. "वा! याला म्हणतात थाट! हेच करा."

उद्घाटनाला वाघोबा आले, ऐसपैस बसले आणि मिशांवरून जीभ फिरवत म्हणाले, "अरे वा, पहिलं ताट स्वतःच्या पायांनी चालत आलं की!"

केसोजींनी दचकून वळून पाहिलं. अंगरखे कोरे करकरीत, आणि शेळ्या एकमेकींच्या छातीवरची उरलीसुरली अक्षरं चघळत होत्या.

"अगं बायांनो, त्या नावानं तुमचा जीव वाचणार होता!" केसोजी ओरडले.

चांदी शेळी घाईघाईनं त्यांच्या पाठीमागे लपली, तोंडातला घास गिळला आणि म्हणाली, "अहो मालक, मग ते गवतानं कशाला काढलंत?"