विषारींची रांग

डोंगरावर माणसाची वस्ती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एकदा चहूबाजूंनी वणवा पेटला! सगळे साप जीव घेऊन कड्यातल्या बिळाकडे सरपटत सुटले.

बिळाच्या तोंडाशी नागोबा फणा काढून उभा. "आत फक्त विषारी! आधी नाग, मग मण्यार, मग घोणस, शेवटी फुरसं. कुळाप्रमाणे रांग लावा!"

"मी मण्यार," कवड्या साप धापा टाकत म्हणाला.

"खोटं! मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच खाली सुरू होतात. तुझे तर मानेपासूनच आहेत. बिनविषारी कुठला! हो बाजूला!"

"अहो नागोबा, मी जळेन की!"

"आणि मी घोणशीच्याच कुळातलं ना? मग शेवटी का?" फुरसं खवले घासत फणफणलं. भांडण जुंपलं. तेवढ्यात बिळापुढचं गवतच भडकलं. वाट बंद!

कवड्या सरसर कड्यावर चढू लागला. "वर मोठी फट आहे! पालींमागे मी रोज जातो तिथे. चला लवकर, सगळे चला!"

"थांबा! पण रांग कशी लावायची?" नागोबाने विचारलं.

"कवड्याच्या मागे!" घोणस ओरडली आणि निघालीसुद्धा.